हरणाची गळलेली शिंगं कुठे आणि कधी शोधावीत? विस्कॉन्सिनमधल्या एका कुटुंबाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला नव्याने राहायला आलेलं मराठी कुटुंब, आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं. वर्गातल्या एका मुलाने हरणाचं गळलेलं शिंग शाळेत आणून दाखवलं आणि तेव्हापासून या दोघांना दुसरं काही सुचत नाही. जानेवारीपासून जमेल त्या शनिवार-रविवारी वडील त्यांना जवळच्या जंगलात पायवाटेने फिरवून आणतात, पण अजून एकही शिंग हाती लागलेलं नाही. कुठे शोधायचं, कधी शोधायचं, उचललं तर चालतं का, पुण्याला आजोबांसाठी नेता येईल का, आणि मे महिन्यात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत तर तिथे मिळतील का, असं सगळं त्यांनी विचारलं आहे.

मी मॅडिसनच्या पश्चिमेला, टेकड्या आणि घळींच्या भागात राहते. हिमयुगातल्या हिमनद्या या पट्ट्यावरून गेल्याच नाहीत, म्हणून इथे जमीन सपाट न होता कडे, सोंडा आणि अरुंद दऱ्या तशाच राहिल्या. माथ्यावर ओकची झाडी, खाली मका-सोयाबीनची शेतं, मधून ओढे. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. बरीच वर्षं दर वसंतात मी इथे शिंगं शोधते, त्या अनुभवावरून लिहिते आहे.

पहिली गोष्ट, तुमचं चालणं कमी पडलेलं नाही. तुम्ही लवकर गेलात, आणि माणसांच्या वाटेने गेलात. शिंग जिथे पडतं तिथे ते पडण्याआधी हरणाने दिवसचे दिवस काढलेले असतात. त्यामुळे जानेवारी ते मार्च या काळात हरीण काय खातं, कुठे बसतं आणि या दोन जागांमध्ये कसं ये-जा करतं, हे ज्याला कळलं त्याला शिंग मिळतं. बाकी सगळं या एका गोष्टीच्या मागून येतं.

मुलांना आधी हे समजावून सांगा की शिंग दरवर्षी नवं येतं. काळवीट, चौसिंगा, नीलगाय यांची शिंगं जन्मभराची असतात. आत हाड आणि वर नखासारखं कवच. चितळ, सांबर, भेकर आणि इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण यांचं शिंग मात्र नुसतं हाड असतं, आणि ते वर्षाला गळतं. इथे साधारण मार्च-एप्रिलमध्ये नराच्या डोक्यावरच्या खुंटांतून नवं शिंग फुटायला लागतं. उन्हाळाभर त्यावर मखमलीसारखी, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी असते आणि त्या काळात ते झपाट्याने वाढतं. सस्तन प्राण्यांच्या शरीरात इतक्या वेगाने वाढणारं हाड दुसरं नाही. ऑगस्टच्या शेवटी ते कडक होतं, सप्टेंबरच्या सुरुवातीला नर झुडपांवर घासून मखमल काढून टाकतो, नोव्हेंबरमध्ये माजाचा काळ येतो. तो ओसरला की टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक उतरतं, खुंट आणि शिंग यांच्या सांध्यातलं हाड विरघळायला लागतं, आणि एक दिवस शिंग सुटून पडतं. दुखापत झालेला किंवा उपासमार झालेला नर डिसेंबरातच शिंगं टाकून मोकळा होतो. चांगल्या खाण्यावर असलेला धष्टपुष्ट नर मार्च उजाडेपर्यंत ती मिरवतो. आमच्या भागात बहुतेक शिंगं जानेवारीचा मध्य ते मार्चचा मध्य या दरम्यान पडतात.

तुम्ही जानेवारीत गेलात तेव्हा निम्म्याहून जास्त नरांच्या डोक्यावर शिंगं असणार. जी पडली होती ती बर्फाखाली. शिवाय इथे धनुष्यबाणाची शिकार जानेवारीतही चालते, काही काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, तर महिनाअखेरपर्यंत, तेव्हा लहान मुलांना घेऊन पायवाट सोडून आत शिरण्याचा तो काळ नव्हेच. पण मी जानेवारी-फेब्रुवारीत जंगलात शिरू नका असं आग्रहाने सांगते त्याचं मुख्य कारण वेगळं आहे. माजाच्या काळात नर खाणंपिणं सोडून माद्यांच्या मागे धावतो आणि वजनाचा पाचवा हिस्सा सहज गमावतो. त्यानंतर लगेच हिवाळा. डहाळ्या चावून जे मिळतं त्याने पोट भरत नाही. उरलेल्या चरबीवर आणि कमीत कमी हालचालीवर तो मार्च गाठतो. अशा वेळी आपण त्याच्या बसायच्या जागेतून चालत गेलो की तो उठून गुडघाभर बर्फातून पळतो, आणि त्या पळण्यात खर्च झालेली ताकद भरून काढायला त्याच्याकडे काही नसतं. पोटात पाडसं असलेल्या मादीचंही तेच. विस्कॉन्सिनचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं 1 डिसेंबर ते 30 एप्रिल हिवाळ्याच्या कडकपणाचा हिशोब ठेवतं. ज्या दिवशी जमिनीवर 18 इंच, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर बर्फ असेल त्याचा एक गुण, आणि पारा उणे 18 सेल्सियसच्या आसपास किंवा खाली गेला तर आणखी एक. गुण वाढतात तशी हरणं जास्त मरतात. दक्षिणेत आपल्याकडे हे गुण सहसा कमी असतात. उत्तरेकडच्या सीडरच्या दलदलींत हरणं दाटीवाटीने हिवाळा काढतात, तिथे बर्फ वितळेपर्यंत पाऊलसुद्धा टाकू नये.

मग कधी जायचं? दक्षिणेकडच्या उतारांवरचं बर्फ गेलं की सुरुवात. साधारण मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा. तिथून एप्रिलच्या मध्यापर्यंत खरा हंगाम. त्यानंतर गवत आणि झुडपं अशी उसळून येतात की पायाजवळचं शिंग दिसत नाही. एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी टर्की या रानपक्ष्याची शिकारही सुरू होते. त्यानंतर गेलात तर लाल, पांढरा, निळा यातला कुठलाही रंग अंगावर नको, कारण नर टर्कीच्या डोक्यावर हेच रंग असतात. मुलांना झगझगीत नारिंगी जाकिटं घाला, त्यात वाद नाही. शिंगावर उंदीर आणि खारी किती लवकर पोचतात हे पाहिलं की एप्रिल संपेपर्यंत थांबावंसं वाटत नाही. कॅल्शियम आणि फॉस्फरससाठी त्या शिंग कुरतडतात. उन्हापावसात वर्षभर पडलेल्या शिंगाचे फाटे कित्येकदा अर्धे गेलेले असतात, आणि कडेला छिन्नीने खरवडल्यासारखे जोडीजोडीने दातांचे चर असतात. असं अर्धं खाल्लेलं शिंग मिळालं तरी मुलांना जरूर दाखवा, जंगलात काहीच वाया जात नाही हे त्यावरून जितकं कळतं तितकं सांगून कळत नाही.

आता जागा. घरी बसून नकाशा उघडा, उपग्रहाचं चित्र लावा आणि आधी खाणं शोधा. फेब्रुवारीत या भागातलं हरीण कापणी झालेल्या मक्याच्या शेतात सांडलेले दाणे वेचतं, उभं राहिलेलं सोयाबीन असेल तर त्याच्यावर तुटून पडतं. माथ्यावर लाल ओक असतील तर बर्फ उकरून त्यांची फळं खातं. पांढऱ्या ओकची फळं गोड, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरातच संपतात. लाल ओकची तुरट, म्हणून ती हिवाळ्यापर्यंत उरतात. मार्चमध्ये बर्फ जाता जाता पहिली हिरवळ लसूणघासाच्या शेतात दिसते, तेव्हा संध्याकाळी सगळा कळप तिकडे. खाणं कुठे आहे हे ठरवायला गाडीतूनसुद्धा काम होतं. फेब्रुवारीत सूर्य मावळायच्या आधी अर्धा-पाऊण तास गावातल्या रस्त्याने हळू गाडी चालवा आणि कुठल्या शेताच्या कडेला हरणं बाहेर येतात ते मुलांना दुर्बिणीतून मोजायला सांगा. हरणांना त्रास नाही, मुलांना काम, आणि कुठल्या नराच्या डोक्यावर अजून शिंगं आहेत तेही कळतं. जंगलात न शिरता हिवाळ्यात करता येण्याजोगी सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच.

दुसरी जागा बसण्याची. थंडीत हरणाला दोन गोष्टी हव्या असतात, ऊन आणि वाऱ्याला आडोसा. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर, माथ्यापासून थोडं खाली, पाठीला झाड किंवा पडलेला ओंडका आणि समोर मोकळी नजर, अशी जागा ते निवडतं. आपल्या भागात अशा उतारांवर लाल सीडरची ठेंगणी झाडं असतात, त्यांच्या बुडाशी बघा. ज्या रात्री वारा फार, त्या रात्री पाइन किंवा स्प्रूसच्या राईत. बर्फ असताना बसलेल्या जागी लांबट गोल खळगा दिसतो, तळाशी बर्फ वितळून पुन्हा गोठल्यामुळे चकचकीत, आणि त्यात करड्या रंगाचे पोकळ, ठिसूळ केस चिकटलेले. बर्फ गेल्यावर तोच खळगा दाबलेल्या पानांत दिसतो आणि भोवती लेंड्यांचे ढीग. एका उतारावर असे आठ-दहा खळगे जवळजवळ दिसले तर तिथून हलू नका. इथे भराभर चालून उपयोग नाही. दोन-तीन मीटरच्या अंतराने पट्टे पाडून सगळा उतार पिंजून काढायचा. उंच गवताची पडीक शेतंही अशीच पिंजावी लागतात, कारण तिथे शिंग दोन पावलांवर येईपर्यंत दिसतच नाही.

तिसरी जागा या दोहोंमधली वाट. बर्फात पाचपन्नास हरणांच्या खुरांनी तुडवलेली वाट मळलेल्या पायवाटेइतकी स्पष्ट असते आणि बर्फ गेल्यावरही चिखलात, पानांत उमटलेली राहते. त्या वाटेने एकाने चालावं, दुसऱ्याने पाचसात मीटर बाजूने. कुंपण किंवा ओढा ओलांडताना उडीच्या हिसक्याने शिंग पडतं असं सगळे सांगतात. ते खोटं नाही, पण मला कुंपणापाशी मिळालेली शिंगं थोडी आणि बसायच्या उतारांवर मिळालेली पुष्कळ. कारण साधं आहे, उडीला क्षणभर लागतो, बसणं आणि चरणं यात चोवीस तास जातात. कुंपण वाटेत आलं तर दोन्ही बाजू नीट बघा, पण त्यासाठी वेगळा दिवस घालवू नका.

शोधायची नजर कमवावी लागते आणि मुलांमध्ये ती मोठ्यांपेक्षा लवकर येते. संपूर्ण शिंग शोधत असाल तर ते कधीच दिसत नाही. ओकच्या पानांत पडलेल्या शिंगाचा बहुतेक भाग झाकलेला असतो. वर येतात ती एकदोन टोकं, बोटभर उंच, पानांपेक्षा जरा फिकी आणि गुळगुळीत. पान चुरगळलेलं असतं, डहाळीला साल असते, गाठी असतात. शिंगाचं टोक घासून घासून झिलई आलेलं, त्यावर खरखरीतपणा अजिबात नाही. किंवा दिसते ती मुख्य दांडीची कमान. जंगलात काटक्या सरळ किंवा वाकड्यातिकड्या असतात, एकसारखी वळत गेलेली गोलाई क्वचित दिसते. त्यामुळे मुलांना सांगायचं ते ‘टोक आणि कमान’ एवढंच. पहिल्यांदा नेण्याआधी एक खरं शिंग कुणाकडून मागून आणा आणि अंगणातल्या पानांत टाकून त्यांना शोधायला लावा. डोळ्यांना रंग आणि चकाकी एकदा कळली की ती विसरत नाहीत. मक्याच्या शेतात मात्र कापलेली ताटंच शिंगासारखी दिसतात. तिथे चालत बसण्यापेक्षा कडेला उभं राहून दुर्बिणीने एकेक ओळ बघा.

उजेडाचंही महत्त्व आहे. लख्ख ऊन असलं की झाडांच्या सावल्यांची जाळी पडते आणि नजर फसते. ढगाळ दिवस, रात्री पाऊस पडून गेलेला, हा सगळ्यात चांगला. भिजलेली पानं काळपट तपकिरी होतात आणि शिंग त्यावर उठून दिसतं. दहा पावलं चाला, थांबा, मागे वळून बघा. उतारावर वर जाताना न दिसलेलं खाली येताना दिसतं. आणि वेळेची घाई असेल तर त्या दिवशी मोठं जंगल घेऊच नका. लहानसा तुकडा घ्या आणि तो नीट पिंजा.

शिंग मिळालं की लगेच उचलू नका, मुलांना आधी तिथल्या तिथे बघू द्या. ताज्या शिंगाचा बुंधा, म्हणजे जिथे ते डोक्याला चिकटलेलं होतं तो भाग, खरखरीत आणि कधीकधी वाळलेल्या रक्ताने तांबूस असतो. त्याभोवती खडबडीत दाण्यांचा गोल कंगोरा. त्याच्या वर काही बोटं लहान लहान मण्यांसारखे उंचवटे असतात आणि त्यांच्या खाचांत गडद तपकिरी रंग बसलेला असतो. तो रंग नराने झाडांवर शिंग घासल्यामुळे सालीच्या रसाचा आणि वाळलेल्या रक्ताचा येतो. वर्षभर उन्हात पडलं की तपकिरी जाऊन पांढरं, आणि दोन-तीन वर्षांत खडूसारखं, भेगा पडलेलं. डावं की उजवं हेही ओळखता येतं. मुख्य दांडी आधी बाहेर जाते, मग पुढे आणि आत वळते, आणि तिच्यावरून फाटे वर निघतात. शिंग डोक्याच्या बाजूला धरून बघा, एकाच बाजूला ते बरोबर बसतं. मग जोडीचं शोधायला सुरुवात. दोन्ही शिंगं पुष्कळदा एकदोन दिवसांच्या अंतराने, कधी काही तासांत पडतात, म्हणून पहिलं मिळालं की त्याच जागेभोवती गोल गोल वाढत जा आणि मग हरणवाट दोन्ही बाजूंना धरा. जोडी नाहीच मिळाली तर खट्टू व्हायचं कारण नाही, दुसरं शिंग पार पलीकडच्या दरीतही असू शकतं.

फाटे मोजून हरणाचं वय सांगणारे पुष्कळ भेटतील. तसं सांगता येत नाही. शिंगाचा आकार वयावर, खाण्यावर आणि आनुवंशिकतेवर अवलंबून असतो, आणि पाच ते सात वर्षांच्या नराची शिंगं साधारण सर्वांत भरदार असतात. मात्र एकाच नराच्या शिंगांची घडण वर्षानुवर्षं बरीचशी तशीच राहते. एखादा फाटा विशिष्ट बाजूला झुकलेला, बुंध्याशी एक जादा टोक, असं काही असलं तर पुढच्या वर्षी त्याच नराचं शिंग ओळखता येतं. म्हणून प्रत्येक शिंगाची जागा, तारीख आणि भोवतालचा एक फोटो वहीत ठेवा. तुमच्या मुलांचा रस टिकला तर ती वहीच शिंगांपेक्षा मोलाची ठरेल, कारण कुठला नर कुठे हिवाळा काढतो हे त्यातून उमगायला लागतं.

कायद्याचं आता. विस्कॉन्सिनमध्ये आपोआप गळलेलं शिंग बाळगायला परवाना लागत नाही. पण शिंगं कवटीला चिकटलेली असतील तर ती गळलेली नव्हेत. ते मेलेलं हरीण आहे, आणि नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याच्या वॉर्डनला फोन करून परवानगी घेतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. जमीन कुणाची हा दुसरा प्रश्न, आणि आपल्या लोकांची इथे फार चूक होते. भारतात मोकळ्या माळावरून चालत गेलं तर कुणी विचारत नाही. इथे खासगी जमिनीवर पाटी नसली, कुंपण नसलं, तरी परवानगीशिवाय पाऊल टाकणं म्हणजे अतिक्रमण. फोनवर जमिनींच्या हद्दी दाखवणारी अ‍ॅप आहेत, त्यातलं एखादं ठेवा. सरकारी जमिनींतही फरक आहे. राष्ट्रीय उद्यानांतून आणि केंद्र सरकारच्या वन्यजीव आश्रयस्थानांतून काहीही उचलायला मनाई असते. राज्याच्या वन्यजीव क्षेत्रासाठी, काउंटीच्या जंगलासाठी किंवा स्टेट पार्कसाठी त्या त्या कार्यालयाला आधी फोन करा, दोन मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला प्रेअरी डू सॅकच्या धरणापासून मिसिसिपीपर्यंत पसरलेल्या लोअर विस्कॉन्सिन रिव्हरवेचा एखादा टेकडीचा तुकडा विचारात घ्या. नदीचा हा टापू सुमारे 148 किलोमीटर लांब आहे, तुमच्या घरापासून जवळ आहे, आणि दक्षिणेकडे तोंड असलेले उतार तिथे भरपूर आहेत.

खरी मजा मात्र शेतकऱ्याशी ओळख करण्यात आहे. फेब्रुवारीत दुपारी, गोठ्याच्या कामाच्या वेळा टाळून, मुलांना बरोबर घेऊन दार वाजवा. आम्ही कोण, कुठे राहतो, गाडी कुठे लावू, किती वाजेपर्यंत परत येऊ, एवढं सांगा. फाटकं होती तशी ठेवू आणि मिळालेलं आधी तुम्हाला दाखवू, हे आवर्जून सांगा. शेतकऱ्यांना शिंग नको असतं असं नाही, पण पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या टायरात घुसून ते पंक्चर करणारं शिंग कुणी उचलून नेलं तर त्यांना हवंच असतं. मी ज्यांच्या रानात जाते त्या आजोबांना दर वर्षी एक शिंग आणि दिवाळीत चकल्यांचा डबा पोचतो, आणि कुठल्या शेतात किती नर दिसले ते ते स्वतःहून फोन करून सांगतात.

एक गोष्ट कुणी सुचवली तरी करू नका. मका टाकून त्याभोवती तारेची जाळी किंवा रबरी दोऱ्या बांधायच्या, म्हणजे खायला आलेल्या नराचं शिंग अडकून निघतं, असा प्रकार काही जण करतात. शिंग सांध्यातून सुटण्याआधी ओढलं गेलं तर खुंटाला इजा होते, आणि जाळीत अडकलेलं हरीण तडफडून मरतं. शिवाय एका जागी खाणं टाकून हरणं गोळा केली की आजार पसरतो. विस्कॉन्सिनमध्ये 2002 साली हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. मेंदूचा, प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, औषध नसलेला आजार. मॅडिसनच्या पश्चिमेचा आमचा पट्टा त्याचं मोठं केंद्र आहे, आणि ज्या काउंट्यांत तो आहे तिथे हरणांना खाणं टाकायला बंदी आहे. माणसाला हा आजार झाल्याचं आजवर दिसलेलं नाही, तरी मेलेल्या हरणाला, कवटीला, मणक्यांना मुलांनी हात लावू नये. अशक्त, लाळ गाळणारं, माणसाला न घाबरणारं हरीण दिसलं तर लांबूनच खात्याला कळवा. नुसतं गळलेलं कोरडं शिंग हाताळून मग साबणाने हात धुतले की पुरे. ते करवतीने कापायचं असेल तर मोकळ्यावर आणि मास्क लावून, हाडाची धूळ फुप्फुसात जाऊ नये. आणि घरी कुत्रा असेल तर दुकानात मिळतं तसं शिंग त्याला चघळायला देऊ नका. शिंग इतकं कडक असतं की कुत्र्यांच्या दाढा त्याने तुटू शकतात.

मला सगळ्यात जास्त काळजी गोचिडीची वाटते. बर्फ गेलं आणि पारा पाच अंशांच्या वर सरकला की काळ्या पायांच्या गोचिड्या गवताच्या टोकाला येऊन बसतात, आणि त्यांच्यापासून लाइम हा आजार होतो. तुमचा शोधायचा हंगाम आणि त्यांचा बाहेर यायचा हंगाम एकच. पँट मोज्यांत खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला, बुटांना आणि पँटला आदल्या दिवशी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा. ते कपड्यांवर मारायचं असतं, कातडीवर नाही. घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, मुलांना आंघोळ, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग, कानामागे, केसांत बोटं फिरवून तपासा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. तेल, काडेपेटी असले उपाय नकोत. नंतर महिनाभरात अंगावर वाढत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं सांगा. वेळेत औषध मिळालं तर हा आजार बरा होतो.

आता पुण्याच्या आजोबांचं. आपल्याकडे जुन्या घरांत सांबरशिंगाचा तुकडा असायचा, बरगडीत चमक भरली की सहाणेवर उगाळून लेप लावायचे. तुमच्या वडिलांना शिंगाची आठवण त्यावरूनच येत असेल तर मला ती समजते. पण पुण्याला शिंग नेऊ नका. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्याचं शिंग ही सरकारची मालमत्ता आहे. ताडोब्यात किंवा मेळघाटात झाडाखाली पडलेलं चितळाचं शिंग उचलून घरी आणणंसुद्धा गुन्हा ठरतं, मग ते आपोआप गळलेलं का असेना. तुमचं शिंग अमेरिकेतलं आहे, हे विमानतळावरच्या अधिकाऱ्याला पटवून देत बसायची वेळ म्हाताऱ्या माणसावर किंवा तुमच्यावर येऊ नये. भारतातला हा कायदा मला योग्यच वाटतो. गळलेल्या शिंगांना बाजार मिळाला की मारून काढलेली शिंगंही गळलेली म्हणून विकता येतात, आणि तुकडा झाल्यावर फरक सांगता येत नाही. आजोबांना व्हिडिओ कॉलवर शिंग दाखवा, किंवा ते इकडे येतील तेव्हा मार्चमध्ये त्यांना बरोबर घेऊन जा. उतार सोपा निवडला तर हे म्हाताऱ्यांनाही सहज जमण्यासारखं आहे. सुट्टीत भारतात गेलात तर मुलांना ताडोब्यात चितळ नीट बघायला सांगा. एकाच कळपात कडक शिंगांचा, मखमलीतला आणि बोडक्या डोक्याचा असे तिन्ही नर दिसू शकतात. इथल्यासारखं सगळ्यांचं वेळापत्रक एक नसतं, कारण तिथे पाडसाला मारून टाकणारा बर्फाचा हिवाळा नाही आणि जन्माची वेळ एकाच महिन्यात गाठायची सक्ती नाही.

यलोस्टोनमध्ये एल्क या मोठ्या हरणाची शिंगं तुम्हाला दिसतील, मोठाली, एका नराच्या जोडीचं वजन पंधरा किलोच्या पुढे जाऊ शकतं. ती तिथेच राहू द्यायची. उद्यानातून शिंग बाहेर नेणं हा गुन्हा आहे आणि रेंजर तो गांभीर्याने घेतात. उद्यानाबाहेर, वायोमिंग राज्याच्या पश्चिम भागातल्या ठरवून दिलेल्या सार्वजनिक जमिनींवर 1 जानेवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत शिंगं गोळा करायला बंदी असते, थंडीने दमलेल्या एल्कना कुणी हुसकू नये म्हणून. 1 मेला राज्याच्या रहिवाशांसाठी ती उठते आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांसाठी एक आठवडा नंतर, शिवाय मोठ्यांना तिथला कन्झर्वेशन स्टॅम्प विकत घ्यावा लागतो. घरून निघण्याआधी या तारखा वायोमिंगच्या खात्याकडून पुन्हा तपासून घ्या, हे नियम अलीकडेच बदललेले आहेत. मुलांना घेऊन पहिल्या दिवसाच्या त्या झुंबडीत मी जाणार नाही, पहाटे गाड्यांची रांग लागते आणि लोक घोडे दामटतात.

त्यापेक्षा दक्षिणेला जॅक्सन गावात थांबा. गावालगत 1912 पासून नॅशनल एल्क रेफ्यूज हे एल्कसाठी राखलेलं अभयारण्य आहे, हजारो एल्क तिथे हिवाळा काढतात आणि मार्च-एप्रिलमध्ये शिंगं टाकून डोंगरात परततात. तिथली शिंगं फक्त परवानगी मिळालेले बॉय स्काउट गोळा करतात आणि मे महिन्यात गावात त्यांचा जाहीर लिलाव होतो. 1968 पासून तो चालत आला आहे आणि पैशाचा मोठा हिस्सा रेफ्यूजच्या जमिनीसाठीच परत जातो. गावच्या चौकाच्या चारही कोपऱ्यांना शिंगांच्या मोठ्या कमानी आहेत, पहिली 1953 साली उभी राहिली. लिलावाची तारीख तुमच्या सहलीत बसत असेल तर सकाळी लवकर पोचा. बोली लागण्याआधी शिंगांचे गठ्ठे जमिनीवर मांडलेले असतात आणि लोकांना ते जवळून बघता येतात.